पाटी आगारासाठी की वाट बघणाऱ्यासाठी?



आज आम्ही एका हातभर पत्र्याविषयी लिहिणार आहोत. एस.टी.च्या पुढच्या काचेमागे जी पाटी असते, तिच्याविषयी. कुणी म्हणेल, कामगारांपुढे महागाई आहे, बोनस आहे, बंद पडलेल्या गिरण्यांची देणी आहेत, आणि तुम्ही पाटीचे काय घेऊन बसलात? त्याला आमचे उत्तर एवढेच. गावाकडून परतताना गाडी चुकली तर खाडा कुणाचा पडतो? पगार कुणाचा कापला जातो? पाटी लिहिणाऱ्याचा नव्हे, आपला!

आमच्यातले बरेच जण आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातले. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करून गप्प झाले, तेव्हा कुणी भिवंडीच्या मागावर गेला, कुणी इचलकरंजीला, कुणी एखाद्या सूतगिरणीत. कामाची जागा बदलली, पण घराची वाट तीच राहिली. मंचर, घोडेगाव, डिंभे, मग घाट चढून तळेघर. वाटेत डिंभ्याच्या धरणाचे पाणी लागते. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाची मोटार अडवताना चिरडला गेला. आपल्याच तालुक्याचा, आपल्याच धंद्यातला माणूस. त्याच्या नावाच्या पाण्याकडे बघत आम्ही घरी जातो, म्हणून त्याची आठवण इथे काढली.

आता तळेघरची अडचण नीट समजून घ्या. भीमाशंकरहून खाली उतरायच्या वाटा दोन. एक घोडेगाव-मंचरची, दुसरी वाडा-राजगुरुनगरची. दोन्ही वाटा तळेघरच्या अंगाला फुटतात, आणि दोन्हीकडून शेवटी पुणेच येते. समजा, फाट्यावर एक म्हातारी उभी आहे. तिच्या पदराला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा कागद बांधलेला आहे. गाडी आली. पाटीवर लिहिले आहे 'पुणे'. खोटे काही नाही, गाडी पुण्यालाच चालली आहे. पण म्हातारीला पुण्याशी काय करायचे? तिला मंचरला उतरायचे आहे. गाडी वाड्यावरून जाणारी असली तर ती राजगुरुनगरला जाऊन पोचेल, आणि तिथून उलट मंचर गाठीस्तोवर दवाखान्याची वेळ टळून जाईल. एक शब्द कमी पडला. 'मार्गे'. 'पुणे, मार्गे घोडेगाव-मंचर' एवढे लिहिले असते तर तिला कुणाला विचारायची पाळी आली नसती.

हीच गोष्ट जुन्नरकरांची. मुंबईहून जुन्नरला एक गाडी कल्याण, मुरबाड करून माळशेज घाटाने जाते, दुसरी खालून चाकण, नारायणगाव करून. नुसते 'जुन्नर' लिहिले तर ओतूरला उतरणारा कामगार भलत्याच गाडीत बसून अर्धा जिल्हा फिरेल. पावसाळ्यात माळशेजला दरड आली की गाडी दुसऱ्या वाटेने वळवतात. वळवा ना, माणसांचा जीव महत्त्वाचा. पण मग पाटीही फिरवा! रस्ता बदलला आणि पाटी जुनीच राहिली, तर ती पाटी नसलेलीच बरी. नसली तर निदान माणूस चौकशी तरी करतो.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे. आज पाटी आगाराच्या नजरेने लिहिली जाते. आगाराला विचाराल तर गाडीची ओळख म्हणजे ती निघते कुठून आणि संपते कुठे. शेड्यूल त्यावर, डिझेल त्यावर, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी त्यावर. पण फाट्यावरच्या माणसाला यातले काहीच नको असते. त्याचे प्रश्न तीन. ही गाडी माझ्या गावावरून जाती का? माझ्या फाट्यावर थांबती का? आणि ही गेली तर मागून दुसरी आहे का? या तीन प्रश्नांना उत्तर देईल तीच पाटी. बाकी नुसता रंगवलेला पत्रा.

थांबण्याचेच बघा. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला यात्रेकरूंची रीघ लागते. जादा गाड्या सुटतात. देवाच्या माणसांना देवाकडे नेले, आमचे काही म्हणणे नाही. पण 'भीमाशंकर' पाटीची गाडी तळेघरला थांबणार की भरधाव पुढे जाणार, हे त्या पाटीवरून कळते का? हात करून करून खांदा दुखतो आणि गाडी धूळ उडवून जाते. जी गाडी मधे थांबत नाही तिच्यावर तसे ठळक लिहावे. मग हात करणारा हात करणार नाही, आणि मागच्या गाडीसाठी शांतपणे बसून राहील. 'साधी' आणि 'जलद' हे दोन शब्द एस.टी.ने आधीच लोकांना शिकवले आहेत. तेच वापरा, नवीन काढू नका.

त्यात आमच्याकडचा पाऊस. आषाढात धुके असे उतरते की दहा पावलांवरची म्हैस दिसत नाही. गाडी दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते. काचेवर पाणी, आत वाफ, आणि त्याच्यामागे कुठेतरी ती पाटी. अशा वेळी अक्षर किती जाड आहे यावर सगळे अवलंबून. आपल्याला सुताचा नंबर कळतो. जिथे जाड सूत लागते तिथे बारीक लावले तर कापड टिकत नाही, तसेच हे. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणजे वरखाली जागा सोडावी लागते. पत्रा लहान आणि नावे जास्त म्हणून अक्षरे दाबून बसवली की 'घो'चा 'धो' होतो, 'भी'चा 'मी' होतो. जुन्या वळणाने लिहिलेला 'ख' तर 'रव' वाचला जातो, म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडायची सुधारणा झाली. पाटी रंगवणाऱ्या जुन्या पेंटरांना हे सगळे हाताने ठाऊक होते. आता संगणकावर अक्षर ओढून लांब-रुंद करतात आणि चिकटवतात. हात पेंटरचा असो की यंत्राचा, कसोटी एकच ठेवा. पाटी लावून गाडी वीस पावले लांब उभी करा आणि चष्मा नसलेल्या साठ वर्षांच्या माणसाला वाचायला सांगा. त्याला वाचता आली तर पास, नाहीतर परत रंगवा.

काही गाड्यांवर आता दिव्यांची सरकती अक्षरे आली आहेत. दिसायला छान, पण गाडी फाट्यावर थांबते अर्धा मिनिट, आणि अक्षरे आधी 'सुस्वागतम्' म्हणतात, मग निघाल्याचे गाव, मग इंग्रजीत तेच. आपले गाव येईपर्यंत गाडी हलली! आम्ही यंत्राच्या विरुद्ध नाही. यंत्रावरच जगतो. पण जे अक्षर स्थिर उभे राहते ते सरकत्या अक्षरापेक्षा गरिबाच्या जास्त उपयोगाचे. आणि नाव फक्त पुढे नको. धावत मागून येणाऱ्याला गाडीची पाठ दिसते, आणि गर्दीतल्याला फक्त दार दिसते. तीन जागी नाव पाहिजे. बेस्टची पहिली बस मुंबईत १५ जुलै १९२६ ला निघाली. तिच्या गाड्यांच्या कपाळावर देवनागरी नंबर आणि बाजूला दाराजवळ इंग्रजी, ही पद्धत मुंबईच्या कैक पिढ्यांना पाठ आहे. गावाहून आलेला बदली कामगार अक्षर न लावताही दोन-तीन दिवसांत आपला नंबर ओळखू लागायचा. नंबराची ही ताकद आहे. मग मंचरहून डोंगराकडे जाणाऱ्या गाड्यांना तसे कायमचे नंबर का नसावेत? घोडेगावची वाट एका नंबराची, वाड्याची दुसऱ्या.

इथे कुणी म्हणेल, पाटी मराठीत आहे ना, मग झाले. नाही, एवढ्याने झाले नाही. १ मे १९६० ला मराठी माणसाचे राज्य झाले. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आम्हाला त्याचा अभिमान आहे, पेढेही वाटले असते. पण फाट्यावरच्या म्हातारीला या सगळ्यातले काय पोचते? तिच्यापर्यंत राजभाषा पोचते ती एस.टी.च्या पाटीवरून, सातबाऱ्यावरून आणि दवाखान्याच्या खिडकीवरून. तिथे मराठी अक्षरे आहेत आणि अर्थ लागत नाही, तर ते मराठी कुणाचे? 'गंतव्य स्थान' म्हणजे काय, हे आपल्या खात्यातल्या दहा जणांना विचारून बघा. 'कुठे जाणार' लिहिले असते तर काय बिघडले असते? सगळेच नवे शब्द वाईट असेही नाही. 'आगार' आणि 'थांबा' लोकांनी घेतले. 'फलाट' तर आपणच घडवून दिला. जो शब्द तोंडात बसला तो ठेवा, जो फक्त कागदावर राहिला तो पाटीवरून काढा.

इंग्रजी अक्षरांचा घोळ बघायचा तर मध्य रेल्वेवर जा. कल्याणच्या पुढे दोन वाटा फुटतात. कसाऱ्याच्या लोकलला खूण 'एन', कर्जतच्या लोकलला 'एस'. कसाऱ्याच्या नावात 'एन' कुठे आहे? कर्जतच्या नावात 'एस' कुठे आहे? ही जुन्या रेल्वे कंपनीच्या दिशांची खूण, ईशान्येकडची आणि आग्नेयेकडची. त्यात धिम्या गाडीची खूणही 'एस'! ज्याला रोज जायचे तो सरावाने शिकतो. पण पहिल्यांदा आलेला माणूस पुलावर उभा राहून वर बघतो आणि मागचे लोक त्याला ढकलतात. खूण वाईट नसते. जी खूण कुणाच्या लक्षात राहावी म्हणून केलेलीच नाही, ती वाईट.

आणि हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न समजू नका. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर चेंगराचेंगरीत १८ माणसे गेली. कुंभमेळ्याची गर्दी होती. प्रयागराज हेच नाव असलेल्या दोन गाड्यांच्या घोषणेवरून लोकांचा गोंधळ उडाला, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. गर्दी हे मोठे कारण खरेच. पण त्या गर्दीला आपली गाडी कुठली हे धड कळले नाही. सारख्या नावाचा घोळ आमच्याकडे कमी आहे का? 'खेड' लिहिलेली गाडी पुणे जिल्ह्यातल्या खेडची की रत्नागिरीच्या? आमच्या खेडला हुतात्मा राजगुरूंचे नाव दिले, राजगुरुनगर. योग्यच केले. ते नाव मोठे लिहा, पण जुनी माणसे अजून खेडच म्हणतात, तेव्हा खाली बारीक 'खेड' असू द्या. हुतात्म्याचा त्यात अपमान नाही. 'आंबेगाव'चे तर विचारूच नका. पुण्यात कात्रजकडे आंबेगाव बुद्रुक आहे. आमचे मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले, तालुक्याला नाव तेवढे राहिले, आणि कचेरी घोडेगावला! परका माणूस 'आंबेगाव' पाटी बघून कुठे पोचेल याचा नेम नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न राहिला तो ज्यांना वाचताच येत नाही त्यांचा. यावर साहेबलोक म्हणतात, कंडक्टरला विचारावे. विचारतोच की! "मास्तर, तळेघरला जाती का?" "पाटी वाचा ना, आजी!" मास्तरचाही दोष नाही, तो आपल्यासारखाच नोकर, शंभर माणसे त्याला तेच विचारतात. वाचता येत नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, म्हणून कितीतरी बाया विचारतच नाहीत आणि गाडी सोडतात. २०२२ साली सरकारने ७५ वर्षांवरच्यांना एस.टी. फुकट केली, मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले. चांगले केले. त्यामुळे पूर्वी जे घरी बसत ते आता फाट्यावर येऊन उभे राहतात. तिकीट माफ झाले, आता कोणती गाडी आपली हेही त्यांना कळू द्या.

निरक्षराला खुणेने सांगता येते, हे नवे नाही. आपल्याच धंद्यात बघा. कापडाच्या थानावर पूर्वी चित्राचे तिकीट लावीत. कुठे लक्ष्मी, कुठे हत्ती. खेड्यातले गिऱ्हाईक गिरणीचे नाव वाचत नसे, चित्र बघून कापड मागे. मालकाला नफा हवा होता, तेव्हा त्याला निरक्षर माणसाशी बोलायची युक्ती बरोबर सुचली! १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मताच्या पेट्यांवर चिन्हे छापली. सरकारला मत हवे होते, तिथेही युक्ती सुचली. तिकडे मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तर दर स्टेशनाला एक चित्र दिले. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्यांची टेकडी, म्हणून तिथे नाकतोडा. अक्षर न येणारी बाईही नाकतोडा आला की उतरते. लंडनच्या भुयारी रेल्वेचा जो नकाशा जगात गाजला, तो १९३१ साली बेक नावाच्या एका नक्शे काढणाऱ्या नोकराने फावल्या वेळात केला आणि १९३३ साली लोकांच्या हातात आला. त्याने मैल सोडून दिले, वळणे सोडून दिली. उतरायचे कुठे आणि गाडी बदलायची कुठे, एवढेच ठेवले. कारण प्रवाशाला तेवढेच हवे असते.

पण लंडन-मेक्सिकोला कशाला जायचे? आपल्या खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरची पोरे मुंबईत डबे पोचवतात. १८९० च्या सुमारास महादू बच्चे यांनी हा धंदा उभा केला. डब्याच्या झाकणावर रंगाची रेघ, एखादे अक्षर, एक-दोन आकडे. डबा कुठला, कोणत्या स्टेशनला उतरवायचा, कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर न्यायचा, सगळे त्यात. चौथी शिकलेला माणूस दादरच्या गर्दीत धावता धावता ते वाचतो. ही खूण टिकली, कारण ती ज्यांना वाचायची होती त्यांनीच ती ठरवली. एस.टी.च्या पाटीविषयी त्यांना कधी कुणी बोलावून विचारले आहे काय? विचारा. घोडेगाववरून जाणाऱ्या गाडीवर हिरवा पट्टा आणि वाड्यावरून जाणाऱ्या गाडीवर पिवळा, एवढे केले तरी तळेघरच्या म्हातारीचे निम्मे काम झाले. रंगाला शाळा लागत नाही. मात्र ज्याला रंगांतला फरक कळत नाही असाही माणूस असतो, म्हणून पट्ट्यासोबत नंबर हवाच.

भाषेबद्दल आणखी एक सांगून टाकतो, मग कुणी रागावले तरी चालेल. आमच्या साच्याशेजारी तेलुगू भाऊ उभा असतो, कानडी असतो, उत्तरेकडचा असतो. मराठी वर, मराठी मोठी, यात तडजोड नाही. पण खाली बारीक दुसऱ्या लिपीत नाव लिहिले म्हणून मराठी लहान होत नाही. सीमेवर तर दोन्ही लिप्या हव्यातच. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावच्या भांडणावरून इकडच्या-तिकडच्या गाड्यांना काळे फासले, गाड्या बंद राहिल्या. अडकून पडली ती दोन्हीकडची गरीब माणसे. बेळगावचा हक्क आम्ही सोडलेला नाही. तो मागायची जागा गाडीची काच नव्हे.

शेवटी गाडीवरच्या पाटीइतकीच महत्त्वाची पाटी फाट्यावरची. तिसरा प्रश्न आठवतो ना, मागून दुसरी आहे का? त्याचे उत्तर तिथे पाहिजे. शहराच्या स्थानकावर वेळापत्रक लावतात ते त्या स्थानकावरून गाडी सुटण्याचे. तळेघरला गाडी किती वाजता येते हे तळेघरला लिहा! मुक्कामाची गाडी किती वाजता, सकाळची पहिली किती वाजता, आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, शेवटची गाडी किती वाजता. गाडी रद्द झाली तर तसे कळवा. मोबाईलवर गाडी दिसते म्हणतात, पण डोंगराआड रेंज गेली की मोबाईल आणि दगड सारखाच. किराणा दुकानदाराला फोन करून खडूने दोन शब्द लिहायला सांगणे एवढे काही अवघड नाही. एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली, तेव्हापासून खेड्याने तिला आपले मानले आहे. म्हणूनच तिच्याकडे हक्काने मागतो.

मागणी तोंडी केली तर वाऱ्यावर जाते. तेव्हा या सणाला गावी जाल तेव्हा एक कागद सोबत ठेवा आणि त्यावर चार रकाने पाडा. फाट्याचे नाव, गाडी आली ती तारीख आणि वेळ, पाटीवर जसेच्या तसे काय लिहिले होते, आणि गाडी प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेली. ड्रायव्हर-कंडक्टरचे नाव किंवा बिल्ला लिहू नका, आपले भांडण त्यांच्याशी नाही. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. कामावर परत आलात की कागद युनियनच्या खोलीत आणून द्या, दर खात्यातून एकाने तरी. आम्ही ते सगळे गावनिहाय लावून घेऊ आणि आगाराच्या दारात जाताना सोबत नेऊ.